ओटा होणार नाही

आक्काचं आणि माझं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. मंचरच्या दवाखान्यात, भर दुपारी. नाकाला नळी होती, तरी मला बघून तिनं ती बाजूला सारली आणि विचारलं, "झाडाखाली पाणी घातलंस का गं?" आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून मी खोटंच सांगितलं की हो, रोज घालते. तिचे डोळे एकदम मोठे झाले... "कुणी सांगितलं व्हतं तुला? झोपलेल्याला कोण पाणी पाजतं? कुजवशील समदं." तिला धाप लागली, नर्स धावत आली, नळी परत लावली आणि मला बाहेर बसवलं. खरं तर मी तांब्याभरसुद्धा पाणी घातलं नव्हतं. उन्हाळ्यात त्या जागेला पाणी द्यायचं नसतं, जमिनीखालचे कंद कुजतात, हे तिनंच मला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण कॉटवर पडलेल्या बाईला काय ऐकायला आवडेल याचा मी अंदाज बांधला आणि नेमका चुकला. खरं सांगायला परत आत जाता आलं नाही. दोन दिवसांनी शाळेत आठवीच्या वह्या तपासत होते, तेव्हा पुतण्याचा, सचिनचा फोन आला. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, ती मला मूर्ख समजून गेली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, मनात ती कायम एकेरीच होती, म्हणून इथंही तशीच लिहिते. अवसरी बुद्रुकला आमची शेती आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला, रस्त्यालगत, दोन जुने रायवळ आंबे आणि एक जांभूळ असा तीनेक गुंठ्यांचा कोपरा आहे. त्या झाडांचा वसवा पडतो. म्हणजे सावलीखाली पीक धरत नाही; कांदा लावला तर नुसती पात वर जाते, बटाटा गोटीएवढा राहतो. घरात तो कोपरा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तिथं आक्कानं तीस-पस्तीस वर्षं खपून सावलीतलं एक रान केलं. रानहळद, आंबेहळद, भुईचाफा, पेव, सुरण, शेवळ, कडेला नेचे. पावसाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि उन्हाळ्यात नुसता पाला दिसतो. शहरात याला बाग म्हणतील. गावात 'आक्काचा कचरा' म्हणायचे. आणि आता त्याच जागेवर, तिच्याच आठवणीसाठी, सिमेंटचा ओटा बांधायचं ठरलंय. वर टाइल्स, काळ्या दगडावर तिचं नाव, फोटो, भोवती ब्लॉक बसवून दोन बाकडी. ठरवणाऱ्यांनी ठरवलंय. पण तो ओटा होणार नाही. मी होऊ देणार नाही. आक्का काय होती हे सांगितल्याशिवाय माझा हट्ट कुणाला कळायचा नाही, म्हणून सांगते.

ती तळेघरच्या बाजूची. डोंगर, भात, नाचणी, आणि बाजारला जायचं तर आधी पायपीट, मग एसटी मिळाली तर मिळाली. लग्न होऊन अवसरीला आली तेव्हा सतराची होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका तिला 'डोंगरातली' म्हणायच्या आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. इथलं सगळं तिला आवडलं, असं ती सांगायची. बाराही महिने विहिरीला पाणी, दारापर्यंत गाडी. सोसलं नाही ते फक्त ऊन. "तुमच्याकडचं ऊन लई उघडं असतंय," म्हणायची. "अडवायला कुणीच न्हाई त्याला." माहेराहून निघताना लेकीची ओटी भरतात. तांदूळ, नारळ, हळकुंड. तिच्या आईनं पहिल्या वर्षी तांदळाच्या खाली मूठभर रानहळदीचे कंद घातले, परसातले. तिकडं काय उगवतंय, काय नाही, देव जाणे, असं म्हणून. घरी आल्यावर सासूबाईंनी ओटी सोडून बघितली आणि माती लागलेले ते कंद उकिरड्यावर टाकायला सांगितले. आक्का कंद घेऊन निघाली ती उकिरडा ओलांडून थेट आंब्याखाली गेली. पुढच्या वर्षी ओटीत भुईचाफा आला. मग आंबेहळद, मग पेव, मग सुरणाची बारकी पिल्लं. आई होती तोवर दरवर्षी ओटीत काहीतरी मातीचं असायचंच. सासूबाईंनी नंतर ओटी सोडून बघायचं बंद केलं.

तिच्या माहेरी देवराई आहे. तिथलं वाळलेलं पानसुद्धा घरी आणायचं नाही ही तिकडची रीत. मी एकदा सहज विचारलं की देवराईतनं एखादं रोप का नाही आणलं कधी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो विषय मी जन्मात परत काढला नाही.

मी या घरात आले ती बी.एस्सी. होऊन. हे मी जरा जोरात सांगते, कारण माझे वडील जुन्नरच्या बाजारात हमाली करायचे आणि माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजचा जिना चढलं नव्हतं. वनस्पतिशास्त्र माझा विषय. लग्नात रुखवतावर मी पदवीचा कागद फ्रेम करून ठेवला होता, लाडवांच्या ताटाशेजारी. लोक हसले. हसू द्या. पण त्या कागदानं माझ्या डोक्यात एक हवा भरली होती आणि ती पहिल्याच दिवाळीत बाहेर पडली.

भाऊबिजेला आक्का माहेरी गेली. मी नवी नवरी, घर-दार चकचकीत करायच्या नादात त्या कोपऱ्याकडं वळले. पिवळी पडलेली पानं, माना टाकलेले दांडे, वर वीतभर पाला. मला ते नुसतं दुर्लक्ष वाटलं. मी सगळा पाला ओढून पेटवून दिला. कुदळीनं जमीन खणून भुसभुशीत केली, मध्ये आल्या त्या आंब्याच्या मुळ्या तोडल्या, शेणखत पसरलं, वरून चार मुठी युरिया टाकला आणि झेंडू, शेवंती, गुलाब ओळीनं लावले. थोरले दीर, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. शिकलेल्या माणसाचा हात लागला की असं होतं, म्हणाले. मी फुगले.

चार दिवसांनी आक्का परतली. काखेत गठुडं तसंच. कडेला उभी राहून तिनं सगळं बघितलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिनं गठुडं खाली ठेवलं आणि विचारलं, "शैला, झाडाखाली कधी बसलीस का गं तू?" मी म्हटलं, म्हणजे काय? "म्हंजे बस जरा. ऊन कुठं पडतंय ते बघ. मग मला सांग झेंडूला कुठं ठिवायचा." आणि खरंच बसवलं मला, दुपारभर. मी रागानंच बसले होते. पण बसल्यावर दिसायला लागलं... ऊन त्या जागेवर नुसतं फिरत होतं, थांबत कुठंच नव्हतं. रुपयाएवढे कवडसे सरकत होते. पश्चिमेच्या कडेला तेवढं एक पट्टा ऊन आलं, तेही तास-दीड तास. दिवे लागायच्या आत तिनं हाक मारली. "काय गं, बीएस्सीला ऊन शिकवत न्हाईत व्हय?"

माझा झेंडू नुसता उंच उंच गेला आणि फुलाविना वाकला. गुलाबाला भुरी आली. त्या साली आंब्याच्या त्या अंगाच्या फांदीचा मोहोर गळून गेला आणि आक्का म्हणाली, "घास तोडलास त्याच्या तोंडातला, मग काय व्हनार?" अर्धे कंद मी कुदळीनं फोडले होते. तिनं ती माती हातानं चाळली, डोळा शाबूत असलेला एकेक तुकडा वेचला, राखेत घोळवून टोपलीत ठेवला आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत लावला. मला शिक्षा म्हणून म्हणा किंवा विद्या म्हणून, पण त्या सालापासून पाला गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. ते आजही माझ्याकडंच आहे.

तिची पद्धत मी नंतर शाळेत मुलांना शिकवली, पण पुस्तकात ती मला कुठं सापडली नाही. झाडाखाली कुदळ न्यायची नाही, फक्त खुरपं. मुळ्या जशा गेल्यात तशा जाऊ द्यायच्या आणि दोन मुळ्यांच्या बेचक्यात जिथं माती असेल तिथं कंद बसवायचा, डोळा वर, चार बोटं खोल, सोबत मूठभर जुनं शेणखत, त्याहून जास्त नाही. जास्त खायला घातलं की सावलीतलं झाड आळशी होतं, असं तिचं मत. आत फिरायला तिनं वीसेक चपटे दगड टाकले होते. पाय ठेवायचा तो दगडावरच, मातीवर नाही, माती दबली की कोंब वर येताना वाकडा होतो. मी दगड चुकवला की लांबून हाक यायची. आणि पाला. आंब्याचं पान जाड, ते एकावर एक बसून कौलासारखं होतं, खाली पाणी जाऊ देत नाही. म्हणून ते पायानं तुडवून चुरायचं आणि त्यात जांभळाचा, शेवग्याचा बारीक पाला मिसळायचा. हातभर थर द्यायचा, पावसाळा संपेपर्यंत तो चार बोटं उरतो, परत द्यायचा. नेचे मात्र तिला दोनदा मेले. माहेरच्या बांधावरनं ओल्या फडक्यात बांधून आणायची आणि चैत्र आला की करपायचे. तिसऱ्यांदा तिनं धुण्याच्या दगडाचं सांडपाणी जिथं मुरतं तिथं लावले आणि ते जगले. "त्याला पानी नको व्हतं, शेजार हवा व्हता पान्याचा," म्हणाली. हा फरक मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

माघ-फाल्गुनात गावभर लोक अंगणं झाडून पाल्याचे ढीग पेटवतात. आम्ही दोघी सकाळी सकाळी गोण्या घेऊन निघायचो, काडी ओढायच्या आत ढीग गाठायला. मास्तरीण कचरा वेचते, अशी कुजबूज मी ऐकली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईनं तर दयेनं विचारलं होतं की पगार वेळेवर होत नाही का. आक्काला कुणी म्हटलं की तुम्ही डोंगरातली माणसं तर राबासाठी पाला जाळता, मग इथं आम्हाला का अडवता, तर ती थांबून नीट उत्तर द्यायची. "आमी जाळतो ते भाताचं रोप टाकायला. त्या राखंला काम असतंय. तुमी कशाला जाळता ते सांगा." तोवर गोणी भरून व्हायची.

एकदा ती झाडंच जायची वेळ आली. आण्णांनी आणि माझ्या नवऱ्यानं, दत्तात्रयनं, ठरवलं की वसवा फार पडतोय, शेजारचे चार वाफेही वाया जातात, तिन्ही झाडं काढू. लाकडाचा व्यापारी आला, सुतळीनं बुंधे मोजून गेला. मी धावत आक्काकडं गेले आणि मला सुचलेली युक्ती सांगितली. एक दगड आंब्याला टेकवू, शेंदूर लावू, सांगू की म्हसोबा स्वप्नात आला. कुणी कुऱ्हाड लावायला धजणार नाही. ही युक्ती पदवी घेतलेल्या बाईची, लक्षात घ्या. आक्का भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "देवाला कशाला खोटं बोलाया लावतीस? अन् मग लोक येतील नारळ घेऊन. झाडून घेतील, वटा बांधतील, फरशी घालतील. मग माझी हळद कुठं जाईल?" मी म्हटलं, मग काय करायचं? "सांगायचं. मी सांगितलेलं पुरं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी व्यापारी सौदा करायला आला. आण्णा, दत्तात्रय आणि तो ओसरीवर बसलेले. आक्का चहा घेऊन गेली आणि चहा ठेवून तिथंच उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "झाडं तोडायची तर तोडा. पर तोडल्यावर तिथं कांदा तुमी लावा, पानी तुमी धरा, खुरपणी तुमी करा. मी त्या शेतात परत पाऊल टाकनार न्हाई." आण्णांनी हसण्यावारी न्यायला बघितलं. ती हसली नाही. त्या शेतातली एकूण एक खुरपणी, लागण, काढणी आक्काच्या अंगावर होती हे तिथं बसलेल्या तिघांनाही माहीत होतं. व्यापाऱ्यालासुद्धा. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, घरचं नक्की झालं की कळवा, राव. ते नक्की झालं नाही. झाडं उभी आहेत.

मग काही वर्षांनी बिबट्याचं निघालं. आमच्या जुन्नर-आंबेगावला बिबट्या नवा नाही, कोंबड्या नेतो, कुत्री नेतो, माणसांवरही येतो, आणि त्याची भीती खोटी नाही. ग्रामसभेत एकानं आक्काचं नाव घेऊन सांगितलं की रस्त्याकडेची असली झाडोरा माजलेली जागा साफ करायला लावा, तिथंच तो दबा धरतो. आक्का बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. बसल्या बसल्याच बोलली, "मादी व्यायती तुमच्या उसात, अन् नाव माझ्या हळदीचं? आधी ऊस काढा, मग मी हळद काढते." सभा हसली. ठराव झाला नाही. मात्र घरी येऊन तिनं रस्त्याच्या बाजूची पेवाची रांग स्वतःच्या हातानं काढून आत नेली, कुणी न सांगता. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली की शाळेच्या पोरी त्या रस्त्यानं जातात, त्यांना पलीकडचं दिसलं पाहिजे. ती हट्टी होती, पण आंधळी नव्हती.

आण्णा गेले. सचिननं आळेफाट्याला गॅरेज टाकलं, चांगलं चालवलं, वर दोन खोल्या बांधल्या. आईला घेऊन जायला दहादा आला. ती जायची, चार दिवस राहायची आणि परत यायची. ट्रकच्या आवाजानं डोकं उठतं, हे तोंडी लावायला. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं. सचिन काही वाईट मुलगा नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण या लेखावरून त्याला कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. त्यानं आईला कूलर घेतला, तिनं तो वापरला नाही. सोन्याच्या पाटल्या केल्या, तिनं त्या पेटीत ठेवल्या. आईसाठी काहीतरी करायची त्याची हौस तिनं कधी पुरीच होऊ दिली नाही. ती साचत गेली आणि दशक्रियेच्या दिवशी बाहेर पडली.

आमच्याकडं दशक्रिया म्हणजे घाटावर मांडव, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी आक्काला आयुष्यात दोनदा पाहिलं नव्हतं ते कारखान्याच्या आणि सोसायटीच्या वतीनं तिच्यावर बोलले. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. मनमिळाऊ ऐकून मला दुःखातही हसू फुटलं. शेवटी सूत्रसंचालकानं चिठ्ठी वाचली. सचिनभाऊंच्या वतीनं मातोश्रींच्या स्मरणार्थ शेतातल्या आंब्याखालची सर्व जागा साफ करून तिथं स्मृतिस्थळ उभारण्यात येत आहे, पावसाळ्याच्या आत काम पूर्ण होईल... लोकांनी माना डोलावल्या. आणि मी उठले.

बायका घाटावर बोलत नाहीत असं काही लिहून ठेवलेलं नाही, पण बोलत नाहीत. मी बायकांच्या बाजूनंच मोठ्यानं म्हटलं, "तिथं ओटा होणार नाही. ती जागा रिकामी नाही. आक्का तिथं आहे. ती जमिनीखाली झोपलेली आहे, जूनला उठेल." लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. एक पुढारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हा घरातला विषय आहे, घरी बोला." मी म्हटलं, "मग माइकवर कशाला सांगितला?" सचिन खाली बघत होता. घरी जाताना दत्तात्रय म्हणाला, तुझं बरोबर होतं, पण तिथं नको होतं बोलायला. मी त्याला विचारलं, मग कुठं?

आठेक दिवसांनी सचिन घरी आला. रागावून आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांत होता. म्हणाला, "काकू, तिथं आता काय हाय ते सांगा. मी बघून आलो. पाला हाय नुसता." मी त्याला समजावलं की आत्ता काही दिसणार नाही, आषाढात ये. तो म्हणाला, "आषाढात मला दिसंल, तुमाला दिसंल. रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसनार? गवत." मग म्हणाला, "आख्ख्या आयुष्यात तिचं नाव कुणी घेतलं न्हाई, काकू. आण्णांची बायको, सचिनची आई, आक्का. दवाखान्यात नाव विचारलं तर मला क्षणभर आठवेना. माझ्या आईचं नाव. एकदा तरी दगडावर लिवू द्या."

त्याचं म्हणणं खरं होतं. ज्या बाईकडून मी सगळं शिकले, तिचं नाव मी या लेखात इतका वेळ लिहिलेलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तेव्हा लिहिते. तिचं नाव हिराबाई. माहेरचं नाव चंद्रा. तळेघरच्या डोंगरातली हिराबाई. हा लेख ज्यात छापला जाईल तो अंक गावात वाचनालयात येतो, मारुतीच्या देवळासमोर लोक मोठ्यानं वाचतात. सचिनला पाहिजे होतं तेवढं झालं असं मी म्हणत नाही. पण नाव लिहायला सिमेंट लागत नाही, एवढं मला त्याला दाखवायचं आहे.

त्यानं ऐकलं नाही, अर्थात. तोही तिचाच मुलगा. पुढच्या रविवारी गवंडी येऊन चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकून, चुन्याची फक्की टाकून गेला. मी खुंट्या उपटल्या आणि फक्कीवर पाला पसरला. परत ठोकल्या, परत उपटल्या. तिसऱ्यांदा गवंडी यायला तयार होईना, म्हणाला, मास्तरीणबाईंनी माझ्या पोरांना शिकवलंय, मला यात घालू नका. मग सचिन स्वतः आला, गाडीतनं पहार काढली, एकेक भोक पाडून तीन खुंट्या बसवल्या. मी आंब्याला टेकून बघत होते. अडवलं नाही. तो गेल्यावर उपटायला मला दोन मिनिटं लागली असती, ते त्यालाही माहीत होतं.

चौथ्या खुंटीला पहार खाली गेली आणि मऊ कशात तरी रुतली. त्यानं ओढून काढली. टोकाला आंबेहळदीचा कंद, मधोमध चिरलेला, आत फिकट पिवळा. कच्च्या कैरीचा वास सुटला. तो तसाच पहार हातात धरून उभा राहिला. मग खाली बसला, कंद सोडवला, नाकाशी नेला. म्हणाला, "आईच्या हाताला हाच वास यायचा. मला वाटायचं लोणच्याचा हाय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, कळत नाही. मी त्याला सांगितलं, दोन्ही तुकड्यांना डोळा आहे, दोन्ही जगतील. राख आणून दिली. त्यानं तुकडे घोळवले, खुरप्यानं दोन खड्डे केले, बोटं घालून खोली मोजली, लावले आणि पाला ओढून घेतला. पाणी घालू का, म्हणाला. मी म्हटलं, नाही. झोपलेल्याला घालत नाहीत.

जाताना त्यानं तीन खुंट्या उपटून गाडीत टाकल्या. चौथी मात्र ठोकली, बाजूला, कंद चुकवून. गाडीत बसता बसता म्हणाला, "ही ऱ्हाऊ द्या, काकू. मी वट्याला अजून न्हाई म्हनलेलं न्हाई."

राहू दिली आहे. मी तिला हात लावणार नाही. रोज सकाळी पाला टाकायला जाते तेव्हा ती पायाशी असते, तिच्या अंगालगत पाला दाबून पुढं जाते. ती खुंटी मी उपटायची नाही, त्यानं उपटायची आहे. आणि तोवर मी तिथंच आहे.